शेजारची चुनाभट्टी

लग्नाची बोलणी हॉल बुक करण्यापर्यंत येतात, आणि मग घरातलं कुणीतरी पंचांग उघडून सांगतं, "शुक्राचा अस्त आहे, मुहूर्तच नाहीत." सगळा बेत पुढे जातो. हा अस्त दरवेळी सारख्या लांबीचा नसतो, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. एखाद्या खेपेला तो आठवड्या-दीड आठवड्यात आटपतो, पुढच्या खेपेला दोन महिने हलत नाही. शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधून जातो तेव्हा तो जवळ असतो आणि झपाट्यानं सरकतो. संध्याकाळच्या आकाशातून नाहीसा झाला की थोड्याच दिवसांत पहाटे पूर्वेला हजर. सूर्याच्या पलीकडून जातो तेव्हा तो त्याच्या सहापट लांब असतो, आणि सूर्याच्या झगमगाटातून बाहेर पडायला त्याला वेळ लागतो.

मध्य अमेरिकेतल्या माया ज्योतिष्यांनीही हेच टिपून ठेवलं होतं. त्यांची एक पोथी आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. तिच्यातला हिशेब असा: २३६ दिवस पहाटे दर्शन, ९० दिवस गायब, २५० दिवस संध्याकाळी दर्शन, ८ दिवस गायब. बेरीज ५८४. आजच्या गणितानं उत्तर येतं ५८३.९२. नुसत्या डोळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या पाहून काढलेला हा आकडा आहे. एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या दोन संस्कृतींनी या एका ग्रहाच्या येण्याजाण्यावर आपापले शुभ-अशुभ दिवस टांगले, कारण सूर्य आणि चंद्र सोडले तर आकाशात त्याच्याइतकं तेजस्वी दुसरं काही नाही.

आणि तरीही, किंवा त्यामुळेच, या ग्रहाविषयी माणसानं जेवढे अंदाज बांधले त्यांतला जवळपास प्रत्येक साफ चुकला. शुक्र इतका चमकतो त्याचं कारण त्याच्याभोवतीचे ढग. अंगावर पडलेल्या उन्हातला तीन चतुर्थांश भाग ते परत फेकतात. तेच ढग आतलं काहीही दिसू देत नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तो दिसतो, त्याच गोष्टीमुळे तो कळत नाही.

०

शुक्रापायी सर्वांत जास्त सोसलेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी गियोम ल जांती या फ्रेंच खगोलज्ञाचं नाव घेईन. त्याची कथा आपल्या पाँडिचेरीत घडली.

सूर्यबिंबावरून शुक्राचा काळा ठिपका सरकताना दिसतो त्याला अधिक्रमण म्हणतात. ही घटना आठ वर्षांच्या अंतरानं जोडीनं येते आणि मग शंभराहून जास्त वर्षं येत नाही. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून या ठिपक्याच्या प्रवासाची वेळ मोजली, तर पृथ्वीपासून सूर्य किती लांब आहे ते काढता येईल, असं एडमंड हॅले सांगून गेला होता. त्यामुळे १७६१ सालच्या अधिक्रमणासाठी युरोपातल्या विद्वानांनी जगभर माणसं पाठवली. ल जांती १७६० च्या मार्चमध्ये पाँडिचेरीसाठी निघाला. तो मॉरिशसला पोचेपर्यंत फ्रेंच आणि इंग्रजांचं युद्ध पेटलेलं होतं. कसंबसं जहाज मिळालं, ते मलबारच्या किनाऱ्याजवळ आलं, आणि तिथे कळलं की पाँडिचेरी इंग्रजांच्या ताब्यात गेली आहे. जहाज मागे फिरलं. ६ जून १७६१ ला आकाश स्वच्छ होतं, शुक्र सूर्यावरून सरकत होता, आणि ल जांती भर समुद्रात डुलणाऱ्या डेकवर उभा होता. त्याच्या घड्याळांचा तिथे काहीही उपयोग नव्हता.

तो घरी परतला नाही. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी होतं, तेवढं थांबू, असं त्यानं ठरवलं. मधल्या काळात मादागास्कर आणि आसपासची बेटं धुंडाळली, मग मनिला गाठलं. तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरला त्याचा संशय येऊ लागला, तेव्हा तो १७६८ मध्ये पाँडिचेरीला आला. तोवर ती फ्रेंचांना परत मिळाली होती. त्यानं वेधशाळा उभारली. फावल्या वेळात तमिळ गणितज्ञांकडून कवड्या मांडून ग्रहणाचं गणित कसं करतात ते शिकून घेतलं आणि त्यांच्या वेगानं चकित झाला. अधिक्रमणाच्या आदल्या दिवसांपर्यंत आकाश निरभ्र होतं. ४ जून १७६९ च्या पहाटे ढग आले, शुक्र सूर्यावरून सरकून जाईपर्यंत थांबले आणि मग विरले. त्या दिवशी मनिलात आकाश स्वच्छ होतं.

१७७१ मध्ये तो फ्रान्सला पोचला तर तिथे त्याला मृत ठरवण्यात आलं होतं. नातेवाईक इस्टेट वाटून घ्यायच्या तयारीत होते आणि विज्ञान अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. पुढे त्याला अकादमीत स्थान परत मिळालं, त्यानं लग्न केलं, मुलगी झाली. शेवट गोड झाला म्हणायचा. अधिक्रमणाची अलीकडची जोडी २००४ आणि २०१२ च्या जूनमध्ये होऊन गेली, आपल्याकडे पुष्कळांनी काळ्या चष्म्यातून पाहिलीही. पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे, तेव्हा ज्यांचं ते हुकलं त्यांना ल जांतीसारखं थांबायचीही सोय नाही.

०

१७६१ च्याच अधिक्रमणात रशियात मिखाईल लोमोनोसोवनं शुक्राच्या कडेशी उजेडाची एक झालर पाहिली आणि शुक्राभोवती हवा आहे असा निष्कर्ष काढला. तो बरोबर निघाला. त्यानंतर मात्र अंदाजांची गाडी रुळावरून घसरली. शुक्र आकारानं जवळपास पृथ्वीएवढा आहे, व्यास १२,१०४ किलोमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम साडेसहाशेनं कमी. वर हवा आहे, ढगही आहेत. ढग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे रान. रसायनशास्त्राचे नोबेल मानकरी स्वांते अऱ्हेनियस यांनी १९१८ साली लिहिलं की शुक्रावर सगळीकडे चिंब दलदल असणार. हेच अऱ्हेनियस हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित सर्वांत आधी मांडणाऱ्यांपैकी. शुक्राचं उत्तर त्यांच्याच वहीत होतं, पण त्यांनी ते पान तिथे उघडलं नाही.

१९३२ साली माउंट विल्सन वेधशाळेतून शुक्राच्या हवेत भरपूर कार्बन डायऑक्साइड सापडला. तरी कल्पना थांबल्या नाहीत. १९५५ च्या सुमाराला दोन अमेरिकन खगोलज्ञांनी शुक्रावर सोडावॉटरचा समुद्र असेल असं सुचवलं. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी त्याच वर्षी तिथे खनिज तेलाचे समुद्र असतील असा तर्क लढवला. हॉईल यांचं डोकं जसं चाले त्याला हे शोभण्यासारखंच होतं. दलदल, सोडा, तेल, यांपैकी ज्याला जे हवं ते त्यानं त्या पांढऱ्या पडद्यावर पाहिलं.

१९५६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या कॉर्नेल मेयर आणि सहकाऱ्यांनी शुक्राकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजल्या. हिशेबानं तापमान निघालं तीनशे अंश सेल्सियसच्या वर. बऱ्याच जणांचा विश्वास बसेना, ही ऊब वरच्या हवेतल्या कसल्यातरी विद्युत-भानगडीची असेल असं ते म्हणत राहिले. १४ डिसेंबर १९६२ रोजी अमेरिकेचं मरिनर-२ शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळून जाऊन माहिती कळवणारं ते पहिलं यान. त्यानं सांगितलं की ऊब खालूनच येते आहे.

०

यानंतरची वीस-बावीस वर्षं शुक्र हा सोव्हिएत संघाचा ग्रह होता असं म्हटलं तरी चालेल. मंगळावर सोव्हिएत यानं एकामागून एक फसली, पण शुक्रावर त्यांनी जे केलं ते त्यानंतर आजतागायत कुणालाही जमलेलं नाही.

सुरुवात मात्र अंधारातच होती. १९६७ साली व्हेनेरा-४ बांधताना खाली नेमकं काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. समुद्रात पडलं तर? म्हणून त्या यानाची खाली उतरणारी कुपी पाण्यावर तरंगेल अशी केली, आणि तिच्या एका कुलपासाठी चक्क साखर वापरली. पाणी लागलं की साखर विरघळेल आणि अँटेना उघडेल, असा बेत होता. ही साखर माझ्या मते शुक्राच्या सबंध इतिहासातली सर्वांत बोलकी वस्तू आहे. व्हेनेरा-४ चे संदेश जमिनीपासून बरंच वर असतानाच थांबले. आपण जमिनीला टेकलो असं सोव्हिएत शास्त्रज्ञांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी मरिनर-५ शेजारून गेलं आणि त्याची मापं वेगळं सांगू लागली.

१५ डिसेंबर १९७० ला व्हेनेरा-७ उतरलं. पॅराशूट शेवटी दगा देऊन गेलं, यान आपटलं आणि संदेश बंद पडले असं वाटलं. पुढे ध्वनिफिती पुन्हा तपासल्यावर खरखरीत दडलेला अगदी क्षीण संकेत सापडला. यान बहुधा आडवं पडलं होतं, अँटेना भलतीकडे वळली होती, पण २३ मिनिटं ते बोलत होतं. जे बोललं ते एकच: तापमान, सुमारे ४७५ अंश. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला हा पहिला संदेश.

जमिनीवरचं सरासरी तापमान ४६० अंशांच्या आसपास आहे, दिवसा तेच, रात्री तेच, ध्रुवावरही जवळपास तेच. शिसं वितळतं, जस्तही वितळतं. हवेचा दाब आपल्या बाण्णवपट, म्हणजे समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यावर जेवढा भार अंगावर येईल तेवढा. अशा ठिकाणी २२ ऑक्टोबर १९७५ रोजी व्हेनेरा-९ उतरलं आणि दुसऱ्या ग्रहाच्या भूमीवरचं पहिलं छायाचित्र पाठवलं. चपट्या, कडा तुटलेल्या दगडांचा खच. तिथे कृत्रिम उजेड लागेल या भीतीनं दिवे बसवले होते, त्यांची गरजच पडली नाही. आपल्याकडे आभाळ भरून आल्यावर असतो तितपत उजेड खाली पोचत होता.

कॅमेऱ्यांच्या झाकणांनी मात्र या मंडळींना जेरीस आणलं. व्हेनेरा-९ आणि १० वर दोनांपैकी एकेक झाकण उघडलंच नाही. ११ आणि १२ वर एकही उघडलं नाही. १४ वर, मार्च १९८२ मध्ये, झाकणं व्यवस्थित उडून पडली. जमीन किती टणक आहे ते मोजायला एक स्प्रिंगचा हात बाहेर येणार होता. तो आला आणि बरोबर पडलेल्या झाकणावर टेकला. कोट्यवधी किलोमीटर जाऊन झाकणाचा टणकपणा मोजला गेला.

त्याच्या चारच दिवस आधी, १ मार्चला उतरलेल्या व्हेनेरा-१३ नं सगळी भरपाई केली. बत्तीस मिनिटं टिकलं तरी पुष्कळ अशा हिशेबानं बांधलेलं ते यान १२७ मिनिटं चाललं. रंगीत छायाचित्रं आली: नारिंगी आभाळ आणि त्या उजेडात नारिंगी दिसणारी, पण मुळात करडी असलेली जमीन. यानानं खडकाला छिद्र पाडून भुगा आत ओढला आणि तपासला. उत्तर होतं बेसॉल्ट. म्हणजे सह्याद्री ज्याचा बनला आहे, आपले किल्ले ज्यावर उभे आहेत आणि लेणी ज्यात कोरली आहेत, त्याच कुळातला ज्वालामुखीचा काळा दगड.

या मालिकेतलं एक शेपूट परवापरवापर्यंत आपल्या डोक्यावर फिरत होतं. ३१ मार्च १९७२ ला सुटलेलं एक शुक्रयान रॉकेटच्या बिघाडामुळे पृथ्वीभोवतीच अडकलं. कोसमॉस-४८२ असं निर्विकार नाव देऊन त्याचा गवगवा टाळण्यात आला. शुक्राची भट्टी सोसण्यासाठी बांधलेली त्याची कुपी त्रेपन्न वर्षं घिरट्या घालत राहिली आणि १० मे २०२५ रोजी अंदमानच्या पश्चिमेकडून वातावरणात शिरून हिंदी महासागरात पडली, असं रशियाच्या अंतराळ संस्थेनं जाहीर केलं.

०

आता मुख्य कोडं. शुक्र सूर्याच्या जवळ आहे म्हणून तापला, असं कुणालाही वाटेल. आपल्यापेक्षा जवळपास दुप्पट ऊन त्याच्या वाट्याला येतं हेही खरं. पण त्यातलं तीन चतुर्थांश ढगांवरून परत जातं. उरलेलं मोजलं तर शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन पोटात घेतो. कमी ऊन खाऊन तो साडेचारशे अंशांवर, आणि जास्त ऊन खाऊन आपण पंधरावर. फरक येण्यात नाही, जाण्यात आहे. त्याच्या हवेत ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. आत आलेली उष्णता बाहेर पडायला निघाली की हा वायू, थोडी वाफ आणि आम्लाचे ढग मिळून वाट अडवतात. झारीतला शुक्राचार्य ही आपली जुनी तक्रार, पण तो खुद्द शुक्रावर हेच काम करत बसलेला असेल हे कथा रचणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

एवढा कार्बन डायऑक्साइड त्याच्याकडे आला कुठून, आणि आपल्याकडे का नाही? आपल्याकडेही आहे, जवळपास तेवढाच. फक्त तो हवेत नाही, दगडात आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडक झिजवतं, नद्या ते सारं समुद्रात नेतात, तिथे त्याची चुनखडी होते. मराठी घरांतली जुनी शहाबादी फरशी हा असाच कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साठलेला चुनखडीचा दगड आहे. आपण त्या हवेवर पाट मांडून जेवलो आहोत. चुन्याच्या भट्टीत अशी चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड सुटून जातो आणि कळीचा चुना उरतो. पृथ्वीवरची सगळी चुनखडी भट्टीत घातली तर आपल्या डोक्यावरही शुक्रासारखं जड आभाळ येईल. शुक्रावर हा वायू दगडात बांधून ठेवायला पाणीच उरलं नाही.

ढग पाण्याचे नाहीत, जवळपास पंच्याहत्तर टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लाचे आहेत, हे १९७० च्या दशकात कळलं. ढगांतून परावर्तित होणाऱ्या उजेडाचा बारीक अभ्यास करून ते पक्कं करणाऱ्यांत जेम्स हॅन्सन नावाचा तरुण होता. त्याची डॉक्टरेटच शुक्राच्या हवेवर. पुढे शुक्राकडे जाणाऱ्या मोहिमेतला स्वतःचा प्रयोग सोडून तो पृथ्वीच्या हवामानाकडे वळला, आणि १९८८ च्या जूनमध्ये अमेरिकी सिनेटपुढे पृथ्वी तापू लागली आहे अशी साक्ष दिली ती यानंच. आम्लाचा पाऊस शुक्रावर पडतो खरा, पण जमिनीला कधीच लागत नाही. वाटेतच त्याची वाफ होऊन जाते.

पाणी होतं की नव्हतं, यावर सध्या खरी भांडणं आहेत. १९७८ मध्ये अमेरिकेच्या पायोनियर मोहिमेनं चार कुप्या शुक्रावर टाकल्या. त्यांच्या मापांतून दिसलं की साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचं प्रमाण शुक्रावर पृथ्वीच्या शंभरपटीहून अधिक आहे. हलका हायड्रोजन अवकाशात निसटून गेला, जड मागे राहिला. म्हणजे केव्हातरी पाणी होतं, निदान वाफेच्या रूपात. नासाच्या मायकेल वे यांच्या संगणकीय प्रतिमानांनुसार शुक्रावर दोन-तीन अब्ज वर्षं समुद्र टिकलेही असतील. मग बिघडलं काय? वे यांचं एक उत्तर आपल्या ओळखीचं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. आज उरलेलं त्याचं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. असे उद्रेक पृथ्वीवर सुट्या-सुट्या काळात झाले, म्हणून तिला सावरायला उसंत मिळाली. शुक्रावर असे दोन-तीन दख्खन एकाच सुमाराला फुटले असतील, आणि मग परतीची वाट बंद झाली. उलट स्वित्झर्लंडमधल्या मार्टिन तुर्बे यांच्या गटानं २०२१ मध्ये मांडलं की शुक्रावरची वाफ कधी थंड होऊन समुद्रात उतरलीच नाही. त्याला चांगले दिवस आलेच नव्हते. माझा कल वे यांच्याकडे झुकतो, पण तो पुराव्यापेक्षा सह्याद्रीत फिरल्यामुळे असेल.

०

शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रडारच्या लहरी त्याच्यावर आदळवून परत पकडल्या तेव्हा हे समजलं. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. एक फेरी व्हायला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला २२५, म्हणजे स्वतःभोवतीच्या फेरीपेक्षा वर्ष लहान. उलट्या फिरण्यामुळे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत मात्र ११७ दिवसच जातात. विषुववृत्तावर जमीन ताशी साडेसहा किलोमीटरनं सरकते, आपल्याकडे हाच वेग १,६७० आहे. सूर्य मावळू द्यायचा नसेल तर ताशी साधारण चौदा किलोमीटरनं पळत राहिलं की झालं, चांगल्या मॅरेथॉनपटूचं काम. एवढ्या सुस्त ग्रहावर वरचे ढग मात्र चार दिवसांत अख्खी प्रदक्षिणा घालतात, ताशी साडेतीनशेहून जास्त किलोमीटरनं. जमिनीला मागे टाकून हवा इतकी का पळते याचा जपानच्या अकात्सुकी यानानं बराच पिच्छा पुरवला. हे यान २०१० मध्ये शुक्राशी पोचलं, इंजिन बिघडलं, कक्षा हुकली. पाच वर्षं सूर्याभोवती फिरून ते परत आलं आणि ७ डिसेंबर २०१५ ला दिशा वळवण्यासाठीच्या छोट्या इंजिनांवर कक्षेत शिरलं. ल जांतीच्या चिकाटीचं चीज कुणीतरी केलं.

जमिनीचा पूर्ण नकाशा काढला तो अमेरिकेच्या मॅजेलननं, १९९० ते १९९४ या काळात, ढगांतून आरपार जाणाऱ्या रडारनं. ९८ टक्के भूमी दिसली. उल्कांची विवरं जेमतेम हजार, आणि छोटी तर नाहीतच, कारण लहान दगड त्या दाट हवेत वरच संपतात. विवरं कमी म्हणजे पृष्ठभाग नवा, फार तर पन्नास-पंचाहत्तर कोटी वर्षांचा. बाल्टिस वॅलिस नावाची एक वाट सुमारे ६,८०० किलोमीटर लांब आहे, नाईलहून थोडी जास्त. ती पाण्यानं नव्हे, लाव्हानं कोरली असावी. आणि अकरा किलोमीटर उंच मॅक्सवेल पर्वताच्या माथ्यावर रडारला चकाकणारा थर दिसतो, तो शिसं आणि बिस्मथ यांच्या गंधकयुक्त संयुगांचा असावा असा एक तर्क आहे. खालून वाफ होऊन वर गोठलेलं धातूचं हिम.

मॅक्सवेल हे शुक्रावरचं एकमेव पुरुषी नाव. बाकी जवळपास सारा नकाशा बायकांचा, तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. मॅक्सवेल ज्या पठाराच्या कडेला उभा आहे त्याचं नाव लक्ष्मी. वीस किलोमीटरहून मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं देतात. त्यांत एक जोशी आहे, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई. आणि एक मेधावी, म्हणजे पंडिता रमाबाई, त्यांच्या सासरच्या नावानं. १८८६ साली फिलाडेल्फियात आनंदीबाईंनी पदवी घेतली तेव्हा रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. ज्या काळात या दोघींना पुण्यात बोल लावले गेले, त्या काळातल्या बोल लावणाऱ्यांपैकी कुणाचं नाव शुक्रावर नाही, हे मला सांगावंसं वाटतं.

मॅजेलनच्या जुन्या चित्रांतून अजूनही शोध लागताहेत. अलास्काचे रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली यांनी २०२३ मध्ये १९९१ च्या फेब्रुवारीची आणि ऑक्टोबरची चित्रं शेजारी ठेवली. मात पर्वताजवळचं एक मुख आठ महिन्यांत दुपटीच्या आसपास पसरलं होतं आणि त्याचा आकार बदलला होता. ज्वालामुखी जिवंत आहेत. हा पुरावा बत्तीस वर्षं कपाटात पडून होता.

०

जमिनीवर नरक आणि वर पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर मात्र दाब पृथ्वीसारखा, अंगाला सोसवेल असं तापमान. १९८५ च्या जूनमध्ये सोव्हिएत संघाच्या वेगा यानांनी इथेच हेलियमचे दोन फुगे सोडले होते. दुसऱ्या ग्रहाच्या हवेत उडालेली ती पहिली विमानं म्हणायची, प्रत्येकानं शेचाळीस तासांत अकरा हजार किलोमीटर कापले. या थरात जीव असू शकेल असं कार्ल सेगन आणि हॅरॉल्ड मोरोविट्झ यांनी १९६७ मध्येच लिहिलं होतं. ढगांत अतिनील किरण शोषणारे गडद पट्टे दिसतात, ते कशाचे हे अजून सुटलेलं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातले संजय लिमये, ज्यांनी उमेदीची सारी वर्षं शुक्राच्या वाऱ्यांवर घालवली, त्यांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये हे पट्टे सूक्ष्मजीवांचे असू शकतील का, असा प्रश्न गंभीरपणे मांडला. आडनाव वाचून आपली मान ताठ होते, तेवढं चालायचंच. १४ सप्टेंबर २०२० ला कार्डिफच्या जेन ग्रीव्हज यांनी शुक्राच्या हवेत फॉस्फिन सापडल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे तो वायू जीवाणूंमुळे किंवा कारखान्यांतून येतो, त्यामुळे बातमी जगभर गाजली. मग इतरांनी तीच निरीक्षणं तपासली, आकडा घसरला, काहींना तर वायूच दिसला नाही. वाद चालू आहे. शुक्राविषयीच्या आजवरच्या अंदाजांचं काय झालं ते पाहता मी पैज लावणार नाही.

भारतही आता या रांगेत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं १८ सप्टेंबर २०२४ रोजी शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाला १,२३६ कोटी रुपये मंजूर केले, उड्डाणाचं लक्ष्य मार्च २०२८. त्यावरही रडार असेल, म्हणजे मॅजेलननं पाहिलेल्या ज्वालामुखींजवळ मधल्या साडेतीन दशकांत काय नवं झालं ते ताडून पाहता येईल. नासाच्या व्हेरिटास आणि डाव्हिंची, युरोपची एन्व्हिजन याही मोहिमा आखलेल्या आहेत. यांतली फक्त डाव्हिंची आत उतरणार, तीही तासाभराच्या उतरणीत हवा चाखत. जमिनीवर टिकली तर तो बोनस.

टिकण्याचा प्रश्न आहे तो विजेच्या सुट्या भागांचा, कारण नेहमीची सिलिकॉन चिप त्या तापमानात काम सोडते. नासाच्या क्लीव्हलँडच्या केंद्रात एक पोलादी टाकी आहे, तिच्यात शुक्राची जमिनीवरची हवा बनवतात, तोच ताप, तोच दाब, तेच वायू. तिथे सिलिकॉन कार्बाइडच्या चिपा कसल्याही आवरणाविना ठेवल्या, तर त्या ५२१ तास चालल्या, आणि चाचणी थांबली तेव्हाही शाबूत होत्या. व्हेनेरा-१३ चा १२७ मिनिटांचा विक्रम १९८२ पासून तसाच आहे. चिप झाली, आता तेवढाच ताप सोसेल अशी बॅटरी, मोटर आणि कॅमेरा हवा. आणि उघडणारं झाकण.